मेडनहेडची माघार

दुपारची जेवणं झाली, भांडी रॅकमध्ये पालथी घातली, की आमच्या मेडनहेडच्या घरात घोडे यायचे. मुलगा आणि सून ट्रेनने लंडनला कामावर गेलेली, नात शाळेत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरच्या घराच्या कौलांवर फिकं ऊन, आणि शांतता अशी की फ्रिज मध्येच गुरगुरला तरी दचकायला व्हावं. अशा वेळी पुढच्या खोलीतून पाव्हण्यांचा आवाज यायचा.

"एकेका स्वाराबरोबर तीन-तीन, चार-चार घोडे. एक दमला की दुसऱ्यावर. चालत्या घोड्यावरून शेजारच्या घोड्यावर जायचे, जमिनीला पाय न लावता."

आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ते घोडे बघायचे.

पाव्हणे म्हणजे माझे व्याही, सुनेचे वडील. ते डॉक्टर. तरुणपणी नागपूरहून इकडे आले आणि कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात हाडांची ऑपरेशनं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सुनेची आई वारल्यापासून ते तिथल्या घरात एकटेच होते. त्या हिवाळ्यात बागेतली पानं गोळा करताना पाय घसरला आणि खुबा मोडला. "जन्मभर लोकांचे खुबे बसवले, आता माझा कुणीतरी बसवला," असं ते स्वतःच सांगायचे. ऑपरेशननंतर सुनेने त्यांना आमच्याकडे आणलं. पुढच्या खोलीत पलंग लावला, खिडकीशी खुर्ची, आणि खुर्चीशेजारी ती चार पायांची फ्रेम, जिला धरून चालायचं असतं.

आमच्याकडे व्याही-विहिणीने समोरासमोर बसून बोलायची रीत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, दाराआड उभं राहायचं, आणि बोलायचंच झालं तर तिसऱ्याच्या तोंडून बोलायचं. पाव्हण्यांना हे पटत नव्हतं. ते बौद्ध. असल्या रीती त्यांच्या घरातून त्यांच्या वडिलांच्या वेळीच गेल्या होत्या. पण मी लाजते हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं आणि त्यांनी त्यावर एक तोड काढली. ते माझ्याशी बोलायचेच नाहीत. खिडकीशी बोलायचे, जरा मोठ्याने. मी आत उभी राहून ऐकायचे. मधूनच एखादी कपबशी वाजवायचे, म्हणजे मी आहे हे त्यांना कळायचं.

रिटायर झाल्यापासून त्यांना मंगोलांचा नाद लागला होता. मंगोल कोण, ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या चौथीच्या इतिहासात किल्ले होते, मावळे होते, मंगोल नव्हते. पाव्हण्यांनी खिडकीला सांगितलं की ही आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. चीनच्या वरच्या अंगाला नुसत्या गवताचा मुलूख आहे, ना झाड ना शेत. तिथली ही मेंढपाळ माणसं. तंबूत राहायची, जनावरांमागे फिरायची. आणि त्यांनी अर्धं जग घेतलं.

मेंढपाळ म्हणाले आणि माझ्या हातातलं फडकं थांबलं.

आम्ही धनगर. दिवाळी झाली की आमची मेंढरं माणदेशातून कोकणात उतरायची आणि पावसाच्या आधी वर यायची. चौथीनंतर माझी शाळा त्यातच सुटली. गडी माणसं मेंढरांमागे, आणि बाया बिऱ्हाड घोड्यांवर लादून पुढच्या तळावर. घोड्याच्या पाठीवर घोंगड्या, त्यावर भांडी, पिठाची पिशवी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांत वर एखादं पोर. ते पोर पुष्कळदा मीच असायचे. घोडं हलत चालायचं आणि डोळे मिटायचे. जाग यायची तेव्हा डोंगर बदललेला असायचा.

म्हणून पाव्हणे गवताचा मुलूख सांगायचे आणि मला घाटातली वाट दिसायची. ते सांगायचे की त्यांचे तंबू लोकर थापून केलेल्या जाड कापडाचे असत, आणि मला आमच्या बुरणुसाचा ओला वास यायचा. ते सांगायचे की स्वार खोगिराच्या पिशवीत वाळवलेलं दही ठेवत, त्यात पाणी घालत, आणि घोडा दौडताना ते आपोआप घुसळून निघे. मग दिवसभर चूल नको की धूर नको. मला वाटायचं, ही युक्ती आमच्या म्हातारीला का सुचली नाही.

कधीकधी माझा डोळा लागायचा. उभ्या उभ्याही लागायचा, ओट्यावर कोपर टेकून. मग त्यांचा आवाज झोपेत शिरायचा. नदी कशी ओलांडायचे ते एकदा सांगत होते. अंगावरचे कपडे आणि हत्यारं कातड्याच्या पिशवीत भरायची, तोंड घट्ट आवळायचं, पिशवी घोड्याच्या शेपटीला बांधायची, आणि घोडा पाण्यात घालायचा. इथली थेम्स आमच्या घरापासून पायी जाण्याइतकी जवळ. रविवारी आम्ही तिथं हंसांना बघायला जातो. त्या दुपारी मी झोपेत बघितलं, हंस बाजूला सरले होते आणि पुलाखालून नुसती घोड्यांची डोकी येत होती. ओली, काळी, पुढे कान रोखलेली. आवाज काही नव्हता. काठावरच्या बाकावर बसलेल्या इंग्रज बाईने पाय वर घेतले, एवढंच. जाग आली तेव्हा पाव्हणे धनुष्यावर पोहोचले होते. शिंग, लाकूड आणि जनावराच्या शिरा एकावर एक चिकटवून केलेलं आखूड धनुष्य, घोड्यावरून मागे वळूनही मारता येईल असं. घोड्याचे चारी पाय हवेत असतात तेवढ्या क्षणात बाण सोडायचा, म्हणजे हात हलत नाही. मी कपबशी वाजवली.

साडेतीन झाले की नात यायची. ती इथंच जन्मली. तिचं मराठी तिच्या आईने शिकवलंय, पण वाटेत सांडत सांडत आल्यासारखं आहे.

"आजी, आजोबाला सिल्क पाहिजे. जुना चालेल."

"आजोबांना, म्हणावं."

"आजोबांना सिल्क पाहिजे, म्हणावं."

मी माझ्या एका विटलेल्या रेशमी पोलक्याची बाही कापून दिली. पाव्हण्यांनी ती एका पिकलेल्या पेअरवर ताणून धरली आणि नातीला तिची पेन्सिल त्यावर खुपसायला सांगितली. मी दाराआडून बघत होते.

"आता बघ. पेन्सिल आत गेली, पण सिल्क फाटलं का? नाही. तेही आत गेलं, टोकाभोवती गुंडाळून. त्यांचे स्वार अंगात असा रेशमी सदरा घालायचे, असं म्हणतात. बाण लागला की सदऱ्याचं कापड चहूबाजूंनी हळूहळू ओढायचं. बाण जसा गेला तसा बाहेर. जखम वाढत नाही. आमच्या वॉर्डात असे सदरे असते तर माझं काम अर्धं झालं असतं."

नातीने सिल्क ओढून पेन्सिल काढली आणि पेअर खाल्ला. खाताना तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे.

"तुम्ही दोघं का नाही बोलत? तुमचा भांडण झाली का?"

"छे. तुझी आजी माझी विहीण आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे फार मोठी पोस्ट आहे. अपॉइंटमेंट लागते."

मी पदर तोंडाला लावला.

सगळ्यांत आवडीने ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे आणि ती सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. मंगोलांचं सैन्य दहाच्या टोळ्यांनी बांधलेलं. दहांवर एक नाईक, अशा दहा टोळ्यांवर शंभरांचा नाईक, मग हजारांचा, मग दहा हजारांचा. त्यांच्या मोठ्या खानाने हे करताना जुनी कुळं मोडली. एका कुळाची माणसं वेगवेगळ्या टोळ्यांत वाटून टाकली. "आणि नाईक करताना बाप कोण हे विचारायचं नाही," पाव्हणे खिडकीला सांगायचे. "लोहाराचा पोरगा दहा हजारांवर हुकूम करायचा. आणि मोठ्या घरचा त्याच्या हाताखाली घोडा धरून उभा."

एकदा मी नातीबरोबर निरोप धाडला. पहिलाच. "त्यांना विचार, मग त्यांनी इतकी माणसं का मारली?" कारण ते मी ऐकलं होतं. गावंच्या गावं, लहान पोरांसकट. शरण आले तर जगले, नाही आले तर कुणी उरलं नाही.

नातीने जाऊन विचारलं. मग ती परत आली. "आजोबा म्हणतात, आज त्यांना झोप आली."

बुद्धाची एक छोटी मूर्ती ते कॉव्हेंट्रीहून बरोबर घेऊन आले होते, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली. त्या दुपारी ते तिच्याकडे बघत बसलेले मला दिसले. विचारायला नको होतं असं वाटलं, आणि विचारलं ते बरं झालं असंही वाटलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येते.

मुलीच्या बापाने मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये, अशी आमच्याकडे जुनी समजूत. पाव्हणे काही बोलत नसले तरी आमच्या घरात त्यांना अवघडल्यासारखं होत असेल, असं माझ्या मनात. म्हणून मी त्यांना कशाला म्हणून उठू द्यायचे नाही. पाणी, चहा, गोळ्या, चष्मा, पायमोजे. त्यांनी फ्रेमकडे हात नेला की मी स्टुलावर वस्तू ठेवून परत फिरलेली असायचे. स्टूलही खुर्चीच्या हाताशी सरकवलं होतं. आणि ते नको म्हणायचे नाहीत. विहिणीने मानाने दिलेलं परत कसं करायचं? रीती मानत नव्हते, पण तेवढं त्यांच्याही अंगात होतं. हिवाळा असा गेला.

मग कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, एक बाई आली. गोरी, हसरी, गळ्यात ओळखपत्र. तिने पाव्हण्यांना सांगितलं की स्वयंपाकघरात जा आणि मला एक कप चहा करून द्या. इथं अशीच परीक्षा घेतात. एकटं राहायचं असेल तर माणसाला उठून स्वतःचा चहा करता आला पाहिजे. पाव्हणे फ्रेम धरून उभे राहिले. पाय थरथरले. दोन-चार पावलं आले आणि दाराची चौकट धरून थांबले. कपाळावर घाम. बाई हसतच म्हणाली की ठीक आहे, बसा. माझं इंग्रजी नाही, पण ते हसणं मला कळलं.

संध्याकाळी मी जिन्याशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. इथल्या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. स्वयंपाकघरात सून आणि मुलगा बोलत होते.

"ती म्हणाली मसल्स वीक झालेत," सून म्हणाली. "हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा बाबा जास्त चालत होते. ती परत येईल. तेव्हाही असंच असलं तर एकटं राहणं सेफ नाही म्हणून लिहील. मग कॉव्हेंट्रीचं घर विकायचं आणि केअर होम बघायचं."

"इथंच राहू देत की."

"ते राहणार नाहीत. मी विचारलं. म्हणाले, मला माझ्या घरी जाऊ दे, नाहीतर कुठंही टाक. मुलीच्या घरी पाहुणा होऊन मी मरणार नाही."

"मग आईला सांग ना, इतकं करू नको म्हणून."

"मी कशी सांगू? त्यांना वाटेल मला खुपतं. तू सांग."

"मी? तुला माहितीये, आई दुखावली की बोलत नाही."

"एरवी तरी कुठं बोलतात."

दोघंही हसली, मग सून रडायला लागली. मी घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातला. चांगल्या मनाने मी त्या माणसाचे पाय बांधून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी काही नेऊन दिलं नाही. चहाची वेळ झाली, गेली. मी आत बसून राहिले. पुढच्या खोलीतून खाकरण्याचा आवाज आला, मग पेपर उलटल्याचा. ते उठले नाहीत. आपण होऊन विहिणीकडे चहा मागायचा नाही, आणि विहीण घरात असताना तिच्या ओट्याशी जाऊन स्वतः करून घ्यायचा नाही. तो तिचा अपमान. म्हणून ते तसेच तहानलेले बसून राहिले. साडेतीनला नात आली तेव्हा त्यांनी तिच्या बाटलीतलं पाणी मागून घेतलं. ते ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. मी चहा टाकला आणि स्टुलावर नेऊन ठेवला. आम्ही दोघंही आपापल्या जागी भिंतीसारखे उभे. कुणी हलेना.

त्यानंतर ते बरेच गप्प असायचे. घोडे येईनासे झाले. एक दिवस बाहेर ऊन बरं पडलं होतं आणि त्यांनी पुन्हा खिडकीशी बोलायला सुरुवात केली, पण जुन्या आवेशाने नाही.

"लोकांना वाटतं की मंगोलांची ताकद चढाईत. नाही. त्यांची खरी ताकद पळण्यात. समोर शत्रू ढालीला ढाल लावून भिंतीसारखा उभा असतो. अशा भिंतीवर धडकून उपयोग नाही. मग थोडे स्वार पुढे जातात, बाण सोडतात, आणि घाबरल्यासारखे माघारी वळतात. वाटेत सामान टाकतात, जनावरं टाकतात. शत्रूला वाटतं, पळाले. तो जागा सोडतो. मागे लागतो. एक दिवस, दोन दिवस. भिंत विस्कटते. जड चिलखतवाले मागे पडतात, हलके पुढे येतात. आणि मग कुठल्यातरी टेकडीआड ताज्या घोड्यांचं सैन्य उभं असतं." मग बऱ्याच वेळाने, "भित्र्याला पळता येतं. पण पळाल्यासारखं दाखवायला फार शिस्त लागते. मध्येच वळून बघायचा मोह झाला की संपलं."

मी कपबशी वाजवली नाही. मी विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी मी पळाले.

नात शाळेला निघाली तेव्हा तिला त्यांच्या खोलीत पाठवलं. "सांग, आजीचा डावा गुडघा धरलाय." गुडघा माझा खरंच धरतो, एवढंच की त्या दिवशी धरला नव्हता. दुपारी मी जेवण वाढून ठेवलं आणि स्वयंपाकघरातून मागच्या काचेच्या खोलीत जाऊन बसले. तिथून ओटा दिसतो. किटलीत पाणी भरलेलं, बटण दाबायचं राहिलेलं. कपात टीबॅग. हे माझं टाकलेलं सामान.

बराच वेळ काही झालं नाही. ऊन काचेवरून सरकत होतं. मग फ्रेमचा आवाज आला. टक, आणि पाय ओढल्याचा. टक. मी मान वळवली नाही. नुसतं दाराकडे पाठ करून बसून राहायचं, यात एवढं काय अवघड असेल असं वाटेल. पण माझा जन्म गेला होता आवाज आला की उठण्यात. हात खुर्चीला घट्ट धरून बसले. किटलीचं बटण वाजलं. पाणी उकळलं. मग ते ओट्याशीच उभ्याने चहा प्याले. परत जाताना मध्ये एकदा थांबले, श्वास घेतला, आणि गेले.

मग रोज मी थोडी मागे सरायचे. एक दिवस किटली रिकामी. पुढे कप वरच्या फळीवर. पुढे दूध फ्रिजमध्ये, तेही दाराच्या खालच्या कप्प्यात, वाकावं लागेल असं. ते पुढे येत गेले. फ्रेमचा आवाज दिवसागणिक झपाझप व्हायला लागला, मग फ्रेमऐवजी काठीचा झाला. सुनेला मी काही सांगितलं नव्हतं. ती एकदा मुलाला म्हणाली, "बाबांची काठी ओट्याशी कशी?" मुलगा म्हणाला, "नेली असेल कुणीतरी."

शेवटी मी घर सोडलं. अंगणात, मागच्या कुंपणाजवळ, लाकडी बाक आहे, तिथं जाऊन बसले शाल पांघरून. आणि नातीला, तिला शाळेला सुट्टी होती, सांगून ठेवलं होतं, "आजोबांना म्हणावं, आजीला चहा हवा होता, पण तिला उठवत नाही."

आता मान त्यांच्याकडे होता. आजारी विहिणीला चहा नाही म्हणणार कसे?

दाराला दोन पायऱ्या आहेत. आधी नात आली, दोन्ही हातांनी बशी धरून, त्यात बिस्किटं. तिच्या मागे पाव्हणे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कप. पायरीवर थांबले, काठी खाली टेकवली, मोडला होता तो पाय आधी, मग चांगला. हॉस्पिटलात शिकवतात तसं. गवत ओलं होतं. चहा थोडा सांडला. त्यांनी कप बाकाच्या हातावर ठेवला, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दम लागला होता.

"विहीणबाई," ते म्हणाले. खिडकीला नाही, मला. "गुडघा कुठला?"

मी उजव्यावर हात ठेवला.

"मागे डावा होता, असा रिपोर्ट होता."

मी पदर ओढला. पण हसू लपलं नाही, आणि त्यांनी ते बघितलं. त्यांनी मागे वळून घराकडे बघितलं, पायऱ्या, स्वयंपाकघराचं दार, त्यामागे लांब कुठेतरी त्यांची खुर्ची. मग काठीवर दोन्ही हात ठेवून ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत.

"जन्मभर वाचलं," ते म्हणाले, "आणि फसलो कसा? दुधासाठी वाकलो तेव्हाच कळायला हवं होतं."

"चहा गोड झालाय पाव्हणं," मी म्हणाले. माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य ते.

"सामान तुम्ही टाकलंत, साखर तुमची."

नात कुंपणाच्या फळीवर गोगलगाय बघत होती. दूरवर विमान उतरत होतं, हीथ्रोला जाणारं, आवाज नंतर येणारं. मग ते म्हणाले, "तुम्ही तो प्रश्न विचारला होता. माणसं का मारली म्हणून."

मी कप खाली ठेवला.

"मी लहान होतो तेव्हा शाळेत आम्हाला दाराशी बसवायचे. तेव्हा मला असा एक राजा हवा होता, ज्याने बाप कोण हे विचारलं नाही. पुढे तो सापडला. मग कळलं की त्याने गावं जाळली. तोवर मला तो आवडून गेला होता." काठीने त्यांनी गवतात एक रेघ ओढली. "बुद्धापुढे बसतो तेव्हा त्याला बाहेर उभा करतो. घोड्यासकट. पण तो जात नाही कुठं."

"आमच्या घोड्याने एकदा माणूस मारला होता," मी म्हणाले. "लाथ घालून. तरी त्याला विकवेना आम्हाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

ती कौन्सिलची बाई परत आली तेव्हा सून घरीच थांबली होती. मी टेबलाशी बसले, हात मांडीत. पाव्हणे काठी घेऊन आले, बाईला बस म्हणाले. तिने किटलीकडे बोट केलं. पाव्हण्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि खालच्या कपाटातून पातेलं काढलं. आपला चहा करायला निघाले होते. दूध घालून, आलं ठेचून. मी डोळे मिटले. किटली आपोआप बंद होते. दूध थांबत नाही. क्षणभर नजर हलली तर वर येतं आणि सगळ्या शेगडीवर पसरतं, आणि मग ती बाई काय लिहील ते मला दिसत होतं.

सून उठायला लागली. मी टेबलाखालून तिचा हात धरला.

दूध चढायला लागलं. पाव्हणे त्या वेळी खिडकीबाहेर बघत बाईला हवेबद्दल काहीतरी सांगत होते. फेस कडेला आला. सुनेची नखं माझ्या तळहातात. आणि न बघता, बोलता बोलता, त्यांचा हात खाली गेला आणि शेगडी बंद झाली. फेस खाली बसला. त्यांनी चार कप भरले आणि पहिला माझ्यापुढे ठेवला.

बाईला चहा आवडला. तिने जिन्याच्या पायऱ्या चढायला लावल्या, अंघोळीच्या जागी उभं राहायला लावलं, आणि मग सुनेशी बोलली. गळ्यात एक बटण घालायचं, पडले तर दाबायचं. सकाळी मदतीला कुणीतरी येईल. घरी जाऊ शकतात.

सून "थँक यू" म्हणाली आणि सिंकमधले धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

कॉव्हेंट्रीला आम्ही तिघंच गेलो, पाव्हणे, सून आणि मी. त्यांच्या घरात कोंदटलेला वास होता. सुनेने खिडक्या उघडल्या, फ्रिज भरला, जिन्याला लावलेला नवा कठडा हलवून बघितला, पुन्हा हलवून बघितला. पाव्हणे आपल्या खुर्चीत बसून तिला बघत होते. शेवटी म्हणाले, "बाळा, अंधार पडायच्या आत मोटरवेला लाग."

आम्ही गाडीत येऊन बसलो. सुनेने किल्ली घातली, पण गाडी सुरू केली नाही. समोर त्यांच्या घराची पुढची खिडकी, आत कुणी दिसत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "ते आज पडले तर?"

मला सुचलं ते सगळं खोटं होतं. पडणार नाहीत, देव आहे, असलं. मी म्हणाले, "पडतील तर बटण दाबतील. नाही दाबता आलं तर नाही. पण आपल्या घरात असतील."

मी हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला. मी कधी असं केलं नव्हतं.

खिडकीचा पडदा हलला. पाव्हणे उभे होते, काठी न धरता, एक हात कट्ट्यावर. आम्ही अजून तिथंच आहोत हे त्यांनी बघितलं. मग दुसरा हात वर केला आणि दारात आलेल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा दोनदा हलवला.

सुनेने गाडी सुरू केली.